कोणत्या भारताचा मध्य?

आज भाचीला नागपूरचा झिरो माइल स्तंभ दाखवायला नेले असता, शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे सांगू लागले, तेव्हा स्तंभाजवळच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांकडे पाहत ती मला म्हणाली, “मामा, कोणत्या भारताचा? फाळणीच्या आधीच्या की आताच्या?” स्तंभ कधी उभारला, कोणी उभारला, हे प्रश्न वाईट नाहीत, परंतु त्यांची उत्तरे मोबाइलही देतो. तिच्या प्रश्नाने मात्र ऐकलेल्या विधानाच्या सीमाच तपासल्या, आणि तेही समोरच्याला न दुखावता, जे आम्हा मोठ्यांना क्वचितच जमते. तिथल्या १९०७ च्या सर्वेक्षण-दगडावर समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट ही उंची कोरलेली आहे. उंचीवरून मध्य ठरत नाही, हेही तिनेच बोलून दाखवले. ‘हे मला कसे माहीत?’ असे स्वतःला विचारण्याची सवय शाळेत कोणी लावत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

“मग तू मध्य कसा शोधशील?” असे मी विचारले. पुठ्ठ्याचा नकाशा कापून टाचणीच्या टोकावर तोलायचा, असे ती म्हणाली. पण अंदमानचे काय करायचे, यावर धंतोली येईपर्यंत आमचे एकमत झाले नाही.