पोट बिघडलेला स्वयंसेवक

परदेशात स्वयंसेवक म्हणून गेलेल्या माणसाला आजारापेक्षा संकोच जास्त छळतो. लोकांच्या उपयोगी पडायला इतक्या लांब यायचं आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी आपल्यासाठी बादली शोधायची! मग तो ‘काही नाही, जरा पोट बिघडलंय’ म्हणत उठतो आणि हलकं काम म्हणून नेमका भाजी चिरायला बसतो. यापेक्षा त्याने झोपून राहिलेलं परवडलं. दुखणं नोरोव्हायरसचं असेल तर एवढ्याने अख्खा मुक्काम आडवा होतो. उलट्या-जुलाब थांबल्यावरही 48 तास दुसऱ्याच्या अन्नाला हात लावायचा नाही. खिशातल्या सॅनिटायझरच्या भरवशावर तर मुळीच नाही, कारण या विषाणूपुढे त्याचं फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच हवं.

प्रवासातले बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. तोवर अंगातलं पाणी टिकवणं हेच खरं काम. ओआरएसची पुडी दिसायला क्षुल्लक, पण तिच्यामागचा हिशेब नेटका आहे. ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून आत शिरताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. साखर याहून फार वाढली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणूनच प्रेमाने पुढे केलेली शीतपेयाची बाटली इथे कामाची नाही.

गडबड होते ती पाणी मोजताना. काही पुड्या लिटरभर पाण्यासाठी असतात, काही 200 मिलिलिटरसाठी, आणि आजारी माणूस बारीक अक्षरं वाचत नाही. पुडीच नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. चमचे सपाट हवेत, शिगोशीग नव्हेत. पाणी आधी मिनिटभर खळखळून उकळावं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, आणि गार झाल्यावरच त्यात पुडी टाकावी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट सुरू करावं. उरलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्यावं.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी लांबच्या बसप्रवासापुरती ठीक आहे. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घेऊ नये.

तापाचं गणित वेगळं. ज्या भागात हिवताप आहे तिथे ताप आला तर ‘उद्या बघू’ चालत नाही. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं, प्रतिबंधक गोळ्या चालू असल्या तरीही. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दूर ठेवावं, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण तिथेही एक खोच आहे. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत ते आधीच असतं आणि काही देशांत खोक्यावर त्याचं नाव असिटामिनोफेन असं छापतात. मग माणूस भोळेपणाने तेच औषध दोनदा घेतो. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा.

औषधं मूळ वेष्टनातच न्यावीत. सुट्या गोळ्यांची डबी सुटसुटीत खरी, पण पांढऱ्या गोलांमधून हवी ती गोळी ओळखणं परक्या डॉक्टरलाही जमत नाही. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक कागदावर लिहून खोलीतल्या जोडीदाराकडे द्यावा. फोनची बॅटरी संपलेली असू शकते, आणि पुष्कळ पॉलिसींत रुग्णालयात दाखल होण्याआधी किंवा झाल्यावर लगेच कळवावं लागतं.

घरी परतल्यावर काही महिन्यांनीही ताप आला तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. हिवतापाचे काही जंतू यकृतात तेवढा काळ दडून बसतात, आणि डॉक्टर तो प्रश्न विचारतीलच असं नाही.