अर्थ शेपटात असतो : फ्रेझल व्हर्ब शिकतानाचा माझा अनुभव

शुक्रवारी संध्याकाळी कॉल संपता संपता पलीकडची सहकारी म्हणाली, ‘लेट्स पुट ऑफ द टेस्ट रन टिल मंडे.’ माझ्या कानांनी त्यातले तीनच शब्द पकडले : पुट ऑफ, टेस्ट आणि मंडे. दिवा बंद करायचा असला की आपण सर्रास ‘लाइट पुट ऑफ कर’ म्हणतो. त्याच हिशेबाने मी टेस्टचा सर्व्हर बंद केला आणि निघाले. तिला म्हणायचं होतं, चाचणी सोमवारवर ढकलू या. त्या सर्व्हरवर शनिवार-रविवारी दुसऱ्या टीमचं काम होतं. त्यांचे दोन दिवस वाया गेले. सोमवारी मी त्यांची माफी मागितली आणि त्याच दिवशी ठरवलं की हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं.

एरवी माझं इंग्रजी कच्चं नव्हतं. अहवाल मी लिहायचे, व्याकरण पक्कं होतं. पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट असे शब्द हाताशी होते. पण समोरची माणसं बोलताना त्याच अर्थांनी ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इंटू’ म्हणत. पुट, लुक, अप, ऑफ हे शब्द तर अगदी पहिलीतले. एकेकटे सगळे ओळखीचे, पण जोडीने आले की परके. क्रियापद आणि त्याच्या मागे लागणारा असा छोटा शब्द मिळून वेगळाच अर्थ देतात, त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

सुरुवात केली ती पाठांतराने. ‘टेक’ची जंत्री लिहून काढली : टेक ऑफ, टेक ऑन, टेक इन, टेक ओव्हर, टेक आफ्टर. पुढे ‘गेट’ची, मग ‘पुट’ची. दोन आठवड्यांत सगळ्याची खिचडी झाली. टेक इन म्हणजे समजून घेणं की फसवणं? दोन्ही. टेक ऑफ म्हणजे विमान उडणं, कपडे उतरवणं, एखाद्याची नक्कल करणं आणि धंदा अचानक जोरात चालू लागणं. जंत्री वाढत गेली आणि कॉलवर मात्र आधीइतकीच पंचाईत.

कोडं सुटलं ते कानामुळे. एका रेकॉर्डिंगमधला तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकत होते : ‘वी टर्न्ड इट डाउन’, म्हणजे आम्ही ते नाकारलं. जोर ‘टर्न्ड’वर नव्हता, ‘डाउन’वर होता. मग बाकीची वाक्यं ऐकली. पिक इट अप, कॉल इट ऑफ. सगळीकडे तेच, आघात शेवटच्या छोट्या शब्दावर. मी आजवर क्रियापदाकडे बघत होते, आणि अर्थ शेपटात होता.

शाळेतला संस्कृतचा तास आठवला. ‘हृ’ धातू एकच, पण उपसर्ग बदलला की प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे ओढून नेतो, असं बाईंनी शिकवलं होतं. इंग्रजीत तेच काम पुढे न लागता मागे लागणारा शब्द करतो. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत याच रचनेबद्दल लिहून ठेवलं आहे की परक्यांना सर्वांत जास्त अडचण इथे येते. ते वाचून मला फार धीर आला. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र त्या मानाने नवं, १९२५च्या सुमारास रूढ झालेलं.

मग वही उलटी मांडली. क्रियापदांची पानं फाडली आणि अप, ऑफ, आउट, ऑन, डाउन, ओव्हर अशी पानं केली. ‘अप’च्या पानावर आधी वर जाणं आलं, पण लगेच दुसरा अर्थ उभा राहिला : काम पूर्ण होणं, काही शिल्लक न राहणं. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, टेअर अप. आता आपलं ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’, ‘फाडून टाक’ बघा. त्यातल्या ‘टाक’मध्ये टाकण्याचा संबंध कुठे आहे? तो फक्त सांगतो की काम संपवून मोकळा हो. मराठी माणूस दिवसभर हेच करत असतो. करून बसला, देऊन टाकलं, बोलून गेली, चालवून घेतलं. परकी वाटणारी ही खोड आपल्या घरातलीच आहे हे कळल्यावर माझी भीती बरीच गेली.

‘ऑफ’मध्ये तुटणं, दूर होणं सापडलं : कट ऑफ, लॉग ऑफ, कॉल ऑफ. पुट ऑफही तिथेच बसलं, कारण तारीख आपल्यापासून लांब ढकलली जाते. ‘ऑन’मध्ये चालू राहणं : कॅरी ऑन, कीप ऑन. सगळं मात्र असं सरळ बसत नाही. अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे तो वाजतो, बंद होत नाही. असे शब्द मी वेगळ्या पानावर लिहिले आणि तेवढेच पाठ केले.

अर्थ लिहिण्याची पद्धतही बदलावी लागली. आधी मी शब्दकोशी मराठी लिहायचे, ‘पुट अप विथ : सहन करणे’. लक्षात राहत नसे. मग बोलण्यातलं मराठी लिहू लागले. पुट अप विथ, खपवून घेणं. गिव्ह इन, नमतं घेणं. बॅक आउट, ऐनवेळी अंग काढून घेणं. लुक डाउन ऑन, कमी लेखणं. शो ऑफ, मिरवणं. ब्रिंग अप, विषय काढणं. फ्रेझल व्हर्ब ही बोलीतली वस्तू, तिला जोडीदारही बोलीतलाच लागतो. इंग्रजीत बोलीतले आणि भारदस्त असे शब्दांचे दोन थर कसे आले याचं एक मोठं कारण १०६६च्या नॉर्मन विजयात आहे, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यात. दरबार आणि कायदा फ्रेंचमधून चालू लागला, विद्येची भाषा लॅटिन होतीच, आणि त्यांतले भारदस्त शब्द घरगुती शब्दांशेजारी येऊन बसले.

सर्वनामाची जागा हा माझा सगळ्यात चिवट दोष. ‘टर्न डाउन द ऑफर’ चालतं, ‘टर्न द ऑफर डाउन’ही चालतं. पण ऑफरऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं : टर्न इट डाउन. ‘टर्न डाउन इट’ कुणी म्हणत नाही. उलट लुक आफ्टर, रन इंटू यांची जोडी फुटतच नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. हा नियम मला पाठ होता, तोंडात नव्हता. म्हणून आठवड्याला फक्त तीन शब्द घेतले आणि रोज मोठ्याने ‘इट’ घालून म्हटले. तीनच्या वर गेले की गोंधळ होई, हे दोनदा अनुभवलं. आणखी एक सवय ईमेलमध्ये मोडावी लागली. ‘लुक फॉरवर्ड टू मीट’ नव्हे, ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग’, कारण तिथला ‘टू’ हा ‘टू गो’मधला नाही, त्याच्यापुढे नामासारखं रूप लागतं.

आघाताचा फायदा अनपेक्षित ठिकाणी झाला. बॅकअप, चेकआउट, सेटअप, ब्रेकअप हे शब्द मराठीत कधीच रुळले आहेत, पण नामं म्हणून. आपण बॅकअप ‘घेतो’. इंग्रजीत नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर मागच्यावर. आधी मी दोन्ही एकसारखेच उच्चारत होते. तो फरक केल्यावर कॉलवर ‘सॉरी, से दॅट अगेन’ ऐकू येणं खूपच कमी झालं.

परवा एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘द होल प्लॅन फिझल्ड आउट.’ फिझल हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. पण आउटच्या पानावर रन आउट, बर्न आउट, डाय आउट होतेच, सगळे संपत जाणारे. मी विचारलं, ‘मग त्या माणसांना आता दुसरं काम दिलंय का?’ उत्तर सरळ मिळालं, हो, दोघांना. घरी येऊन शब्दकोश पाहिला आणि त्या पानाच्या तळाशी लिहिलं : फिझल आउट, गाजावाजा होऊन हळूहळू विझून जाणं.