काचेऐवजी काथ्या घातला तर?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आल्यापासून घरी फोन लावला की एक प्रश्न ठरलेला: तू तिकडे नक्की करतोस काय? आईला ‘कॉम्प्युटरवर काम’ एवढं उत्तर पुरतं. देवगडचा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तेवढ्यावर सोडत नाही. तो फायबरच्या होड्या बांधतो, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन नावाचा घट्ट होणारा चिकट द्रव यांच्या; माझा विषय त्याच्या रोजच्या धंद्यातला. परवा म्हणाला, “काचेच्या जागी काथ्यो घातलो तर चलात मां रे? हय ढीग पडलो आसा.”

त्याची शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: साच्यात आधी जेलकोट, म्हणजे होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर, मग काचेच्या तंतूंची पांढरी मॅट, तिच्यावर हार्डनर घातलेलं रेझिन. भिजली की मॅट पारदर्शक होते आणि आतले बुडबुडे दिसायला लागतात. ते रोलर दाबून दाबून बाहेर काढायचे. रेझिनचा वास पार आवाठभर.

या काचेचा एकेक तंतू साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. एका होडीत ते किती असतील याची मोजदाद नको. प्रत्येक तंतू कॉम्प्युटरवर मांडून अख्ख्या होडीचं गणित करणं कोणाच्याच बापाला जमणार नाही. म्हणून आम्ही त्यातला एक इवलासा चौकोन घेतो, काही डझन तंतू आणि मधलं रेझिन असलेला. तो कॉम्प्युटरवर ताणायचा, आतल्या ताणाची सरासरी काढायची आणि तो चौकोन म्हणजे जणू एकजिनसी पदार्थच असं धरून पुढे जायचं. याला होमोजनायझेशन म्हणतात. चौकोन फार लहान घेतला तर दर वेळी आकडा वेगळा येतो. आकडा हलायचा थांबेपर्यंत तो वाढवत न्यायचा. माझे बरेच दिवस यातच जातात. बाहेर हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे फारसं चुकल्यासारखंही वाटत नाही.

दादाच्या प्रश्नाला मात्र कॉम्प्युटर लागलाच नाही. जर्मनीतल्या फॉइग्टने 1889 मध्ये आणि बुडापेस्टच्या रॉइसने 1929 मध्ये मिश्रणाच्या ताठरपणाची, म्हणजे ओढल्यावर ते लांबायला किती विरोध करतं त्याची, दोन सोपी सूत्रं दिली. पुढे 1952 मध्ये इंग्लंडच्या हिलने दाखवून दिलं की खरा आकडा या दोघांच्या मध्येच कुठेतरी असतो. काचेचा ताठरपणा सुमारे 72 गिगापास्कल (हे ताठरपणाचं माप), रेझिनचा 3. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर वरची मर्यादा 37.5 आणि खालची जेमतेम 5.8. तंतूंच्या दिशेने ओढा, वरच्या आकड्याजवळ जाल. आडवं ओढलंत की जवळजवळ सगळं काम रेझिनवर येतं.

दादाच्या मॅटमध्ये काच वजनाने 30 टक्के धरली, तरी रेझिन हलकं असल्याने आकारमानाने ती 17 टक्क्यांच्या आसपासच भरते. शिवाय तंतू वाट्टेल तसे पसरलेले. हिशेब केला तर ताठरपणा पावणेआठच्या आगेमागे येतो.

आता काथ्या. त्याचा ताठरपणा 4 ते 6. वरची मर्यादा सांगते की मिश्रण त्यातल्या ताठ घटकाच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे कितीही काथ्या कोंबा, सहाच्या वर जाणं नाही; 30 टक्के घातला तर साडेतीनच्या आसपास अडकणार. वर तो पाणी पितो. काथ्याचं बळ लांबण्यात आहे. तुटण्याआधी तो भरपूर लांबतो, म्हणून सुंभ इतकं चिवट. होडीच्या कवचाला ते गुण कामाचे नाहीत. युरोपात अळशीच्या धाग्यांचे कॉम्पोझिट, म्हणजे धागे आणि रेझिनचे असेच मिश्र पदार्थ, करतात, पण तो धागा मुळात बराच ताठ.

दादाने ऐकून घेतलं आणि लगेच पुढचं टाकलं: मग होडी फुटते कुठे, ते सांगता काय तुझा गणित?

खरं सांगायचं तर हे या पद्धतीचं दुखणं आहे. ताठरपणाला सरासरी चालते. तडा मात्र सगळ्यात वाईट जागा शोधतो. एखादा राहून गेलेला बुडबुडा, चिकटून बसलेले दोन तंतू, सुकी राहिलेली मॅट: सरासरीत हे सगळं विरघळून जातं. म्हणून तड्यापाशी पुन्हा तंतूंच्या पातळीवर उतरावं लागतं, आणि तिथे कॉम्प्युटर रात्रभर घरघरत बसतो.

दादा इंजिन बसतं त्या मागच्या बाजूला जास्तीचे थर मारतो. किती, असं विचारलं. “इंजिन बघून,” म्हणाला.