सत्त्याण्णव टक्के

छापलेल्या कागदावरच्या मापावर भरवसा ठेवू नका, हे मी आजवर दहा-बारा जणांना तरी ऐकवलं असेल. नागपुरात टर्नटेबल आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात पंधरा वर्षं गेलीत माझी. गेल्या मे महिन्यात धरमपेठेत मी स्वतःच ठेवला.

तिथल्या एका काकांचं टर्नटेबल दुरुस्तीला होतं, मशीन गॅरार्ड ३०१. हे मॉडेल १९५४ साली आलं. कंपनी मोटर आणि प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, तेवढं विकायची. पेटी आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, ज्याचा त्यानं बघायचा. काकांच्या वडिलांनी पेटी सुताराकडून सागवानात करून घेतलेली. काका स्वतः पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन, वय अठ्ठ्याहत्तर. तक्रार एकच : "विलंबित छान वाजते रे, द्रुतात तान फाटते."

ही तक्रार मला नेहमी भेटते. ख्यालाच्या एलपीत द्रुत येतं बाजूच्या शेवटी, म्हणजे लेबलजवळ. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर रेकॉर्ड सरकते, आत जाता जाता ती २१ वर येते. तेवढ्याशा जागेत सगळ्या ताना कोंबलेल्या. तिथं सुई जराशी तिरपी बसली तरी चरचर ऐकू येते. काकांच्या जुन्या आर्मचं तर बेअरिंगच डगडगत होतं. म्हणून मुलीनं पुण्याहून रेगाचा आरबी ३०० पाठवला होता, सोबत ऑर्टोफॉनचं टू-एम ब्लू कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी.

या आर्मला पिव्हट ते स्पिंडल, म्हणजे आर्म जिथं फिरतो तिथपासून रेकॉर्डच्या मधल्या खुंटीपर्यंत, २२२ मिलीमीटर अंतर लागतं. आर्मचं भोक कुठं पाडायचं ते दाखवणारा नमुना मी सकाळी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. पेटीच्याच सागवानाचा वडिलांनी जपलेला एकच तुकडा होता, आर्मखालच्या फळीला जेमतेम पुरेल इतका. कागद चिकटवला, टोच्यानं खूण केली, चार मिलीमीटरच्या बिटानं आरपार भोक पाडलं. आता यावर चोवीसचा होल-सॉ, म्हणजे मोठं गोल भोक कापणारी करवत, चालवायचा, एवढंच बाकी.

काका चष्मा कपाळावर चढवून शेजारी उभे होते. म्हणाले, "कागद मोजला का?"

"नमुनाच आहे काका, तयार."

ते काही न बोलता आतून आपली जुनी पोलादी पट्टी घेऊन आले. कागदाच्या कोपऱ्यात १०० मिलीमीटरची एक रेघ असते, केवळ तपासणीसाठी. पट्टीवर ती ९७ भरली. "दुकानवाल्यानं पानात बसवून छापलं असन," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

म्हणजे माझं भोक २२२ ऐवजी २१५ वर. सात मिलीमीटर! आर्मच्या टोकाच्या, हेडशेलच्या खाचांत कार्ट्रिज मागं सरकवून झाकता येईल अशी ही चूक नव्हे. मी खुर्चीत बसलो. काकूंनी न विचारता पन्हं आणून दिलं.

पन्हं अर्धं झालं तेव्हा काका पेन्सिलीनं कागदावर दोन वर्तुळं काढून बसले होते. खरं मोठं भोक चोवीसचं, म्हणजे त्रिज्या बारा. चुकीचं छोटं भोक त्याच्या केंद्रापासून सातच्या आत. "अरे, हे तर भुश्शातच जाते," ते म्हणाले. बरोबर होतं. होल-सॉनं मधली चकती निघेल, तिच्यासोबत माझी चूकही. फक्त नवं भोक पाडताना बिट जुन्यात घसरायला नको. सागाची काडी तासून फेविकॉल लावून ठोकली, दोन तास वाट पाहिली, आणि २२२ या वेळी पट्टीनं तीनदा मोजलं. भोक सुतासारखं जागी आलं.

पुढचं काम मला आवडतं. आर्म रेकॉर्डला समांतर यावा म्हणून खाली दोन मिलीमीटरची चकती घातली. टू-एम उंचीला जरा जास्त असतं. कार्ट्रिजच्या पुढे पेन्सिलीची बारीक शिसकाडी चिकटवली, कारण सुईची दांडी तिरपी आहे की सरळ हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, काडीला कळतं. स्पिंडलच्या मध्यापासून ६०.३ आणि ११७.४ मिलीमीटर, या दोन ठिकाणी ती मापाच्या कागदावरच्या रेघांशी समांतर यायला हवी. स्टीव्हनसननं १९६६ साली मांडलेलं गणित हे. आतला बिंदू त्यानं मुद्दामच बाजूच्या अगदी शेवटी ठेवला. द्रुत ऐकणाऱ्यांसाठी दुसरं काही लावावंसं मला वाटत नाही. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं पाव-पाव आटे पिळायचे. एकच पिळला की कार्ट्रिज मान वळवतं.

सुईच्या वजनाला, म्हणजे रेकॉर्डवरच्या दाबाला, मात्र पंचाईत झाली. हवं होतं १.८ ग्रॅम, आणि काटा १.६, १.९, १.७ असा नाचत होता. कूलरचा वारा! बंद केला. चव्वेचाळीस डिग्रीत, खिडक्या लावून. घाम आर्मवर टपकू नये म्हणून डोक्याला दुपट्टा बांधून मी आर्मच्या मागचं वजन, काउंटरवेट, केसभर फिरवत होतो आणि काका पुठ्ठ्यानंसुद्धा वारा घेत नव्हते.

१.८० वर थांबला. दमदमला दाबलेली एचएमव्हीची एलपी लावली आणि सरळ शेवटच्या पाच मिनिटांवर सुई टेकवली. तान वर गेली, वळली, खाली आली. अख्खी. काकांनी बोटांवर मात्रा मोजत सम गाठली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

दारातून काकूंनी विचारलं, "आता लावू का कूलर?"

"थांब," काका म्हणाले, "दुसरी बाजू राहिली."