थोडं डावीकडे दाबून

आमच्या कॉम्प्युटरला पुढच्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट. खालचा सरळमार्गी. वरच्यात पेन ड्राइव्ह घातला की तो थोडा डावीकडे दाबायचा, मग किंचित सोडायचा, आणि 'टिंग' वाजलं की हात अलगद काढून घ्यायचा. फोटो उतरेपर्यंत टेबलाला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. घरात सगळ्यांना हे पाठ होतं, त्यामुळे पोर्ट बिघडला आहे असं कुणी कधी म्हटलं नाही. हे परवापर्यंतचं.

परवा दुपारी पुण्याहून आलेल्या भाच्यानं नेमका वरच्यातच पेन ड्राइव्ह घातला.

"मामा, तुझा पोर्ट गेलाय."

"गेला नाहीये. डावीकडे दाब."

"दाबला."

"आता थोडा सोड. एवढा नाही रे."

त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी लहानपणी आजीकडे पाहत असे.

आजीचं बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर असल्या सूचनांवरच उभं होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मधोमध पाय द्यायचा नाही. न्हाणीघरातला नळ बंद करायचा तर आधी थोडा आणखी उघडायचा. पंख्याचा रेग्युलेटर दोनवरून एकदम चारवर न्यायचा, तीनवर थांबला तर पंखाच थांबे. माजघरातला दिवा लावताना बटण अंगठ्यानं दाबून धरायचं आणि मनात पाच म्हणायचं; चारला सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. रेडिओचं तोंड रात्री सुरसागर तळ्याकडे केलं की मुंबई स्वच्छ लागायची. आतली फेराइटची कांडी हीच रेडिओची अँटेना, तिच्यावर आडव्या येणाऱ्या लहरी तिला नीट सापडतात, टोकाकडून येणाऱ्या सापडत नाहीत, हे मला पुष्कळ पुढे कळलं. आजीला कांडीबिंडी ठाऊक नव्हती. ती म्हणायची, "त्याला तळ्याचा वारा लागतो."

पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ त्याला पायरीची सूचना मिळायची. मुक्कामाला असला तर नळाची आणि दिव्याचीही. रेडिओपर्यंत मात्र फक्त घरचेच पोचत. कोण किती आपला, हे आमच्याकडे त्यावर ठरायचं, निदान मी तरी तसं ठरवत असे.

एकदा काकांनी हट्टानं वायरमन बोलावला. त्यानं बटण दाबलं, आजीनं बाजूला उभं राहून पाच आकडे मोजले, दिवा लागला. तो म्हणाला, "चाले छे ने? तो अडशो नहीं." चालतंय ना, मग हात लावू नका. आणि चहा पिऊन गेला. आजीच्या लेखी त्याच्याइतका हुशार वायरमन अख्ख्या बडोद्यात नव्हता.

भाचा त्या जातीचा नाही. तो शोधत जातो. पेन ड्राइव्ह आधी मागच्या पोर्टात घातला. चालला, म्हणजे पेन ड्राइव्ह निर्दोष. मग पुढच्या खालच्या पोर्टात. तिथेही चालला. मग त्यानं कॉम्प्युटर बंद करून मागची पॉवरची वायर काढली, कॅबिनेटची बाजू उघडली आणि मोबाइलचा टॉर्च दातात धरला. मागचे पोर्ट मदरबोर्डलाच झाळलेले असतात. पुढच्यांना मात्र कॅबिनेटच्या आतून वायर काढून बोर्डाच्या कडेला नऊ पिनांवर आणून बसवावं लागतं. हाताला जो जवळचा, तो बोर्डापासून लांबचा. दहापैकी एका पिनेची जागा मुद्दाम रिकामी असते, म्हणून प्लग उलटा बसत नाही. आणि एक ओळ एका पोर्टची, दुसरी दुसऱ्याची. खालचा चालतो, वरचा नाही, तेव्हा वरच्याच्या ओळीतली पिन वाकली असणार, असा त्याचा तर्क. पिना सरळ होत्या. मला उगाच बरं वाटलं.

हा कॉम्प्युटर मीच जोडलेला. त्याच्या आधीच्या कॅबिनेटात तर एकत्र प्लगही नव्हता. आठ सुट्या वायरी, लाल, पांढऱ्या, हिरव्या, काळ्या, प्रत्येकीच्या टोकाला मुंगीएवढी अक्षरं. लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची. त्यांची अदलाबदल झाली की पेन ड्राइव्ह जळालाच. म्हणून असेंबल करून देणारे पुष्कळ जण पुढच्या वायरी जोडायचेच नाहीत. गिऱ्हाईक ती दोन भोकं शोभेची समजून मागे जाळ्याजळमटांत हात घालायचं, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

पेन ड्राइव्ह पहिल्या खेपेला बरोबर बाजूनं जात नाही, हा अनुभव भाच्यालाही आला आणि त्यानं ही चीज बनवणाऱ्याचा उद्धार केला. तेव्हा मात्र बडोदेकर म्हणून मला मध्ये पडावं लागलं. यूएसबी घडवण्यात जे पुढे होते ते तेव्हा इंटेलमध्ये असलेले अजय भट्ट आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले विद्यार्थी. १९९६ साली पहिली यूएसबी आली. त्याआधी कीबोर्डाला एक गोल भोक, माउसला दुसरं, प्रिंटरला पंचवीस पिनांचं लांबलचक, आणि कीबोर्ड निसटला की बहुतेक वेळा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करणं आलं. दोन्ही बाजूंनी जाणारा प्लग करायचा तर वायरी दुप्पट, सर्किटं दुप्पट आणि खर्चही दुप्पट, असं भट्टांनी स्वतः सांगितलेलं आहे. मला त्यात बडोद्याचा हिशेब दिसतो. भाच्याला दिसला नाही. तो म्हणाला, "टाइप सी कसं जातं मग दोन्हीकडून?" मी चहाचं पाहायला आत गेलो.

परत आलो तर कॅबिनेटचा चेहराच उतरवून ठेवलेला. पोर्टांच्या मागे बोटभर रुंदीची हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर वरच्या पोर्टाचा एक सांधा तडकलेला होता. तडा इतका बारीक की डावीकडे दाबलं की मिटायचा, सोडलं की उघडायचा. "तुम्ही सगळे दाबून दाबूनच हा मोठा केलाय," असं भाच्याचं मत. मी ते मान्य केलेलं नाही. शेजारच्यांकडून सोल्डरिंग आयर्न आली, राळेचा वास घरभर झाला, आणि वरचा पोर्टही खालच्यासारखाच सरळ चालू लागला. पोर्टेबल हार्ड डिस्क, जी तिथे लावायचं धाडस कुणी केलं नव्हतं, तीही चालली.

आता कुणीही येतं, पेन ड्राइव्ह घालतं, काम करून जातं. कुणी मला हाक मारत नाही. बायको म्हणाली, बरं झालं, एक कटकट गेली. खरंच आहे.

आजीकडे एक सागवानी कपाट होतं. त्याची किल्ली घरात दिवाणखान्यातल्या खिळ्यालाच असायची, लपवलेली नव्हती. किल्ली अर्धी फिरवायची, दार गुडघ्यानं वर उचलायचं आणि मग उरलेली फिरवायची, इतपत सगळ्यांना माहीत होतं. आजी गेल्यावर तेराव्यानंतर काकांनी ते उघडायला घेतलं. काका म्हणाले, उजवा गुडघा. आत्या म्हणाली, डावा, आणि आधी दार आत ढकलायची ती. घरात तेव्हा दोन इंजिनिअर होते. त्यांनीही आपापले गुडघे लावून पाहिले. आम्ही सगळे तिला रोज ते उघडताना बघत आलो होतो.

शेवटी रावपुऱ्यातून सुतार आणला. त्यानं बिजागऱ्या काढून दार बाजूला ठेवलं. आत लुगडी, रेशन कार्ड, लाइटची जुनी बिलं आणि काकांच्या मुंजीतलं एक चांदीचं भांडं. सुतारानं कुलूप हातात घेऊन किल्ली फिरवून पाहिली. ते सुरळीत फिरत होतं. दार पुन्हा बसवलं, पण यापुढे कुलूप लावायचं नाही असं ठरलं. घर विकलं तेव्हा ते कपाट घर घेणाऱ्यांनाच देऊन टाकलं.