गोळीनंतरची चाल

एका मावशींच्या चालीचे दोन आलेख मी अजून पुन्हा पुन्हा उघडून बघते आहे.

मावशी साठीच्या पुढच्या, भाजी विकणाऱ्या. दुखणं उजव्या गुडघ्याचं. एक्स-रेवर केलग्रेन-लॉरेन्स या झिजेच्या मोजणीतली शेवटची, चौथी पायरी. आतल्या बाजूची दोन हाडांमधली फट जवळजवळ संपलेली. आमच्या प्रयोगशाळेत चालीचं मोजमाप होतं. भिंतीवरचे कॅमेरे अंगावर चिकटवलेल्या चमकत्या गोळ्यांचा, म्हणजे मार्करचा, माग काढतात आणि जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट पावलाखालचा जोर नोंदवते.

बघणाऱ्याला वाटतं, चाललं की झालं. खरा वेळ जातो तो बोटांनी हाडं शोधण्यात. कमरेची टोकं, गुडघ्याचा बाहेरचा उंचवटा, घोटा, टाच. मार्कर बोटभर सरकला तरी गुडघ्याचा मध्य सरकतो आणि सगळं गणित बिघडतं. साडीवर तो लावून उपयोग नाही, कापड पायाबरोबर हलत नाही. ‘शॉर्ट्स घालायला सांगा’ एवढं लिहून मोकळ्या होणाऱ्या नियमावल्यांचा मला राग येतो. आम्ही पडदा लावतो, खोलीत फक्त बायका ठेवतो, मावशींना सैल वाटेपर्यंत बोलत बसतो. प्लेट कुठे आहे हे मात्र सांगत नाही. कळलं की माणूस नेम धरून पाऊल टाकतो आणि चाल खोटी होते. पाऊल पूर्ण प्लेटवर पडेपर्यंत आम्हीच सुरुवातीची जागा पुढे-मागे करतो.

मावशी चालल्या. उजव्या पायावर भार आला की अख्खं धड उजवीकडे झुकायचं. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “मॅडम, हिला सांगा ना सरळ चालायला. लोक बघतात.”

पण त्या झुकण्यात अर्थ होता. चालताना जमिनीकडून येणारा जोर गुडघ्याच्या मध्यापासून थोडा आतून जातो, त्यामुळे आतल्या गादीवर जास्त दाब येतो. धड त्या पायावर झुकवलं की जोराची रेघ मध्याजवळ सरकते आणि आतला ताण उतरतो. मावशींचा या ताणाचा आलेख तेच दाखवत होता: एवढ्या झिजलेल्या गुडघ्याच्या मानाने, पाऊल टेकल्यावरचा पहिला उंचवटा बराच बुटका.

मधल्या विश्रांतीत त्यांनी चहाबरोबर नेहमीची वेदनाशामक गोळी घेतली. मी मार्कर काढू दिले नाहीत. गोळीचा असर आल्यावर पुन्हा चालवलं. धड सरळ! मुलगा खूश, मावशी खूश. आणि आलेखाचा उंचवटा स्पष्ट वर गेला. दुखणं कमी झालं की वेग वाढतो आणि नुसत्या वेगानेही आकडा बदलतो, म्हणून सारख्या वेगाच्या फेऱ्याच निवडून तुलना केली. फरक राहिलाच. मार्कर जागचे हलले नव्हते, तेव्हा ती पळवाटही नाही.

हे नवं नाही. पिरॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी दिल्यावर दुखणं उतरतं आणि गुडघ्यावरचा भार चढतो, हे १९९३ मध्येच छापून आलं आहे. हाच ताण सुरुवातीला जास्त असलेल्यांची झीज पुढच्या सहा वर्षांत जास्त वाढली, असं मियाझाकी यांच्या २००२ च्या जपानी अभ्यासात दिसलं. तरी गोळी लिहून देणारे रुग्णाला चार पावलं चालायला लावत नाहीत. एक्स-रे उजेडात धरतात, पायरी सांगतात, पुढचा नंबर.

“मग गोळी घेऊ का नको?” मावशींनी विचारलं. नको म्हणण्याचा मला अधिकार नाही. दुखत असताना त्या बाजारात उभ्या राहू शकत नाहीत, आणि धड झुकवून चालण्याची किंमत कमरेला मोजावी लागते. त्यांच्या डॉक्टरांशी मी बोलले. गोळी चालू राहिली. मी काठी सुचवली, तीही डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. “डाव्या हातात पिशवी असते,” त्या म्हणाल्या.

मुलाला मी दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले आणि आईला ‘सरळ चाल’ म्हणू नका, एवढं सांगितलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. पुढच्या वेळी मावशींना पिशवीसकट चालवायचं आहे, आधी डाव्या हातात, मग उजव्या, गोळीआधी आणि गोळीनंतर.