हिरव्या पाण्यातून बाहेर पडताना

सुरुवातीला माझ्या माशांच्या टाकीतल्या पाण्यावर नुसती हिरवट झाक आली होती. फिल्टर आहे, होईल नितळ, असं वाटून मी थांबलो. पंधरा दिवसांत टाकीची मागची काच दिसेनाशी झाली. निऑन टेट्रांचा थवा पुढच्या काचेला येऊन भिडला तरच दिसायचा.

मग एका रविवारी साठ लिटरची टाकी पूर्ण रिकामी केली. खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला. पाणी दोन दिवस स्वच्छ राहिलं. पाचव्या दिवशी ते पुन्हा हिरवं, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. टेस्ट किटने पाहिलं तर पाण्यात अमोनिया निघाला. तो शून्य असायला हवा. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात, आणि नळाच्या क्लोरीनने मीच ते मारले होते. रोज थोडं थोडं पाणी बदलूनही दोन टेट्रा गेले. ते अजून मनाला लागतं. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळतो.

शेवाळ मारणारं औषधही आणून ठेवलं होतं, पण वापरलं नाही. इतकं शेवाळ एकदम मेलं की ते पाण्यातच कुजतं आणि प्राणवायू खाऊन टाकतं. आधीच धापा टाकणाऱ्या माशांना ते झेपलं नसतं.

हिरवं पाणी म्हणजे तरंगतं एकपेशीय शेवाळ. ते इतकं बारीक असतं की साध्या स्पंजमधून आरपार जातं, आणि चार पेशी उरल्या तरी खायला असेल तर पुन्हा फोफावतं. माझ्या टाकीत खायला भरपूर होतं. दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, वर दुपारी खिडकीतलं ऊन, आणि माशांना दिवसातून तीनदा खाणं.

अमोनिया शून्यावर आल्यावर मगच ब्लॅकआउट केला. निम्मं पाणी बदललं, टाकी जाड काळ्या कापडात चारही बाजूंनी गुंडाळली, दिवा बंद, खाणं बंद. एअर पंप मात्र चोवीस तास चालू ठेवला, कारण अंधारात वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट घेतात. चार दिवस कापड उचलून डोकावायचं नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. पाचव्या दिवशी कापड काढलं तेव्हा मागची काच दिसली. लगेच पुन्हा निम्मं पाणी बदललं, म्हणजे मेलेलं शेवाळ खत होऊन टाकीत राहिलं नाही.

खरा बदल त्यानंतरचा. टाकी खिडकीपासून हलवली. दिव्याला टायमर लावला, रोज सहा तास. खाणं एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकं. दर आठवड्याला तीस टक्के पाणी, क्लोरीन काढून, आणि बदलताना खडीतला गाळ सायफनने ओढून. पण माझ्या मते सगळ्यात जास्त काम केलं ते हॉर्नवर्ट आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतींनी. हॉर्नवर्ट इतकं भराभर वाढतं की दर आठवड्याला मूठभर छाटून टाकावं लागतं, आणि ती मूठ म्हणजे शेवाळाच्या वाट्याचं नायट्रोजन टाकीबाहेर गेलेलं असतं. माझ्या पाण्यातलं नायट्रेट लिटरमागे चाळीस मिलिग्रॅमच्या वर होतं, दोन महिन्यांत पंधराच्या आसपास स्थिरावलं.

मग अनुबियास या हळू वाढणाऱ्या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखे पुंजके आले. हे शेवाळ दिसतं काळं, पण आहे लाल शेवाळाच्या कुळातलं. तोडलेलं पान स्पिरिटमध्ये बुडवलं तर खरंच लालसर होतं. बोटाने ते निघत नाही. खराब पानं कापली, अनुबियास दिव्याखालून काढून व्हॅलिसनेरियाच्या सावलीत ठेवला. नवी पानं स्वच्छ येताहेत, पण दोन जुन्या पानांवर ते अजून आहे.

मागची काच मी आता घासत नाही. तिच्यावरचा पातळ हिरवा थर तीन नेराइट गोगलगायींसाठी सोडला आहे. त्या लाकडावर पांढरी, खसखशीएवढी अंडी चिकटवतात. गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं येत नाहीत, पण ती मी खरवडून काढत नाही.